दारफाळणीचा दसरा

माझी थोरली बहीण राजेश्वरी बाथरूमच्या दाराला कडी लावत नाही. पाण्यानं भरलेली बादली आतून दाराला सरकवते आणि मग आंघोळ करते. घरात पाहुणे असले की बाहेर मला राखणीला उभं करते. माझ्या नवऱ्याला, शिवराजला, पंचेचाळीस वर्षांच्या बाईचं हे वागणं फार गमतीचं वाटायचं. एकदा त्यानं चारचौघांत त्यावरून थट्टा केली, मी त्याला दोन दिवस ताट वाढलं नाही, आणि त्याची गंमत संपली.

मी तिला अक्का म्हणते. आमच्यात थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. घरात कानडी, बाजारात मराठी आणि भांडताना दोन्ही, अशा घरातल्या आम्ही. माहेर सोलापूरला लागून असलेल्या कुंभारीचं. मी तोंडानं फटकळ, शाळेत बाई आहे म्हणून खपून जातं. अक्काला मात्र 'नाही' म्हणताच येत नाही. लहानपणी कुणी तिच्या वाटणीचा लाडू मागितला की ती द्यायची आणि मग न्हाणीमागं जाऊन रडायची. लाडूही गेला आणि डोळेही सुजले, यात तुझा फायदा काय, असं मी तिला तेव्हाच विचारलं होतं.

बाविसाव्या वर्षी तिला अक्कलकोटला धान्याच्या व्यापाऱ्यांच्या घरात दिली. नवरा गुरुराज माणूस म्हणून वाईट नव्हता, फक्त आईसमोर त्याचा माणूस राहायचा नाही. लग्नानंतर बारा वर्षांनी नागवेणी झाली आणि नागू तीन वर्षांची असताना गुरुराज छातीत कळ येऊन गेला. त्याच्या आईचं नाव पार्वतम्मा. आता अठ्ठ्याहत्तरची असेल, पण तेव्हा तिच्या पायरवानंसुद्धा घर गप्प व्हायचं.

दसऱ्याला त्या घरी निम्मं अक्कलकोट सोनं द्यायला यायचं. आम्ही त्या पानांना बन्नी म्हणतो. गुरुराज गेल्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला पार्वतम्मा म्हणाली, "राजेश्वरी, तू जरा कोठीच्या खोलीत बस. सणाचं कुणाच्या म्होरं येऊ नगंस." अक्का आत गेली आणि पार्वतम्मानं बाहेरून कडी घातली. संध्याकाळी सहा ते रात्री नऊ. अक्का गव्हाच्या पोत्यावर बसून बाहेरचं हसणं ऐकायची. नागू बाहेर सगळ्यांना बन्नी वाटायची आणि आई कुठं आहे असं कुणी विचारलं की "पोटात दुखतंय" सांगायची. आजीनं तसं शिकवलं होतं.

असे सात दसरे झाले. आमच्या धर्मात विधवेला बाजूला बसवायचं असं कुठंही सांगितलेलं नाही, उलटच सांगितलेलं आहे. हे आम्ही बसव जयंतीला माईकवरून सांगतो आणि घरी येऊन कडी घालतो.

मध्यंतरी अक्कानं सोलापुरात रक्त तपासायच्या लॅबमध्ये काउंटरवर नोकरी धरली होती. रोज अक्कलकोटहून ये-जा. तिथं बेंजामिन अवासकर बायकोला घेऊन यायचे. ते रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहेत. बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू. मूळ गाव अलिबागजवळचं आवास. बायको फ्लोरा, दुखणं असाध्य, पण बाई बोलकी. सुई टोचताना अक्काचा हात धरायची. चार वर्षांपूर्वी ती गेली. दोन वर्षांनी बेंजामिन एकटेच स्वतःची साखर तपासायला आले. अक्कानं विचारलं, "बरूबर कोन न्हाय?" ते म्हणाले, "नाही." एवढ्यावरून पुढचं सगळं झालं. गेल्या जानेवारीत नोंदणी पद्धतीनं लग्न लागलं. साक्षीदार म्हणून मी आणि रेल्वेतले दोघं. पार्वतम्मानं नागूला तिच्याबरोबर जाऊ दिलं, पण अक्काला म्हणाली, "ह्या घराचा उंबरा तुला बंद." माझ्या सासरच्यांना ज्यू म्हणजे ख्रिश्चनच वाटतात, मी समजावून सांगायचा नाद सोडला. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून मी त्यांना दाजी म्हणते आणि त्यांना ते आवडतं.

तर रेल्वे लाईन्समधल्या, म्हणजे रेल्वेच्या वसाहतीतल्या, दाजींच्या क्वार्टरमध्ये चौघं राहायला लागली. दाजी, अक्का, अकरा वर्षांची नागू आणि दाजींची सोळा वर्षांची मुलगी अविवा. चौकटीवर अवासकरांची तिरकी डबी, आत त्यांच्या प्रार्थनेचं काहीतरी लिहिलेलं. अक्काच्या गळ्यात लिंगाची चांदीची डबी. नागूनं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं की यांच्यात दार डबी घालतं आणि आपल्यात माणसं. ती आणि अविवा महिन्याभरात एका पांघरुणात झोपायला लागल्या. पण अविवा अक्काला कशानंच हाक मारायची नाही. आई नाही, मावशी नाही, आंटी नाही. काही हवं असलं की समोर येऊन उभी राहायची आणि मग बोलायची. पोर उद्धट नव्हती. तिच्याकडं जागा एकच होती आणि त्या जागेवर तिची आई होती.

अक्काला या संसाराकडून फारसं काही नको होतं. एकच गोष्ट हवी होती. श्रावणात तिनं हिरवी इरकल साडी घेतली आणि मला फोन केला. "चंद्री, यंदा दसऱ्याला मी दारात उभी ऱ्हानार. कपाळभर कुंकू लावून. सगळ्या लाईनीला मी माज्या हातानं बन्नी देनार." मी म्हटलं, दे की, त्यात सांगायचं काय. फोन ठेवल्यावर मात्र मी पाच मिनिटं भिंतीकडं बघत बसले. सात वर्षं पोत्यावर बसलेल्या बाईनं मागून मागितलं काय, तर आपल्याच दारात उभं राहणं.

त्याच महिन्यात एकदा जेवताना अविवा म्हणाली, "पप्पा, यंदा किप्पूरला पुण्याला नको जायला. मम्मी करायची तसं घरीच करू."

हा त्यांचा सगळ्यात मोठा उपास. जुनी माणसं त्याला दारफाळणीचा सण म्हणतात, दार लावून घ्यायचा सण. आता सगळे सिनेगॉगमध्ये, त्यांच्या प्रार्थनामंदिरात, जातात, पण पूर्वी कोकणातल्या खेड्यांत घरंच बंद करून घ्यायचे. आदल्या संध्याकाळी दार लागायचं ते दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत. अन्न नाही, पाणी नाही, पांढरे कपडे, देवाची माफी, आणि बाहेरच्या कुणाशी बोलणंही नाही. फ्लोराच्या आजीच्या घरी तसं होतं. शेवटची तीन वर्षं फ्लोराला प्रवास झेपेना, तेव्हा तिनं क्वार्टरमध्ये आजीची रीत परत सुरू केली. अविवाला आईचा तोच सण आठवतो.

दाजींनी अक्काकडं बघितलं. अक्का म्हणाली, "करू की. त्यात काय." तारीख विचारली नाही. आठ दिवसांनी कॅलेंडरची पानं ऑक्टोबरपर्यंत उलटली तेव्हा तिला दिसलं की बुधवारी संध्याकाळी लागणारं दार उघडणार गुरुवारी रात्री, आणि गुरुवारी दसरा.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. मलासुद्धा नाही. दाजींना एक शब्द टाकला असता तर माणूस असा आहे की त्यानं मुलीला समजावलं असतं. पण अक्काचा हिशेब वेगळा होता. पोरीनं पहिल्यांदा काहीतरी मागितलंय, आणि आपण 'व्हय' म्हणून बसलोय.

मला कळलं ते बुधवारी. शाळा सुटल्यावर मी तोरणासाठी दोन किलो झेंडू घेऊन गेले. दारात रांगोळी नाही, आंब्याची डहाळी नाही. स्वयंपाकघरात परातभर भिजवलेला शाबू. उपास म्हटल्यावर अक्कानं आपल्या अकलेनं शाबू भिजवला होता, वर भगर निवडली होती, दाण्याचं कूट केलं होतं, बटाटे उकडले होते. अविवा दारात उभी राहून ते सगळं बघत होती. "आमच्यात उपासाला काहीच नसतं," ती हळूच म्हणाली. "पाणीपण नाही."

"पानी बी न्हाय?" अक्का म्हणाली. मग दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि अविवाच आधी हसली. त्या घरात पोरीला मोकळं हसताना मी पहिल्यांदा बघितलं, आणि कबूल करते, मला वाटलं जमतंय यांचं.

तेवढ्यात तिनं आतून एक पांढरी साडी आणली. फ्लोराची. सुती, बारीक पांढरीच किनार. "तुम्हाला नेसायची असेल तर," म्हणाली. "सगळे पांढरंच घालतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पोरीला काय ठाऊक, आमच्यात सवाष्णीनं दसऱ्याला पांढरं नेसायचं म्हणजे काय. अक्कानं साडी हातात घेतली, तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "नेसते की."

मी तिला मोरीत ओढलं. "उद्या दसरा हाय अक्का. डोकं ठिकानावर हाय न्हवं तुजं?"

"हाय."

"आनि ती इरकल?"

"कपाटात हाय. कुटं जाती ती."

"मग सांग की त्यास्नी. तुला तोंड न्हाय का?"

ती माझ्याकडं बघतही नव्हती. "तिची आई गेलीया चंद्री. माजा दसरा पुडच्या वर्षी बी येतोय." मग हातातली साडी उलगडत म्हणाली, "तू मातुर ऱ्हा आज. जाऊ नगंस."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्याकडं काही मागितलं होतं. मी शिवराजला फोन लावला. तो म्हणाला, "सनाचं घरची बाई दुसऱ्याच्या घरात कोंडून घेतीया, ही कुटली रीत?" मी सांगितलं, पुरणपोळ्या डब्यात आहेत, बन्नी देव्हाऱ्यापुढं आहे, आणि उद्या रात्रीपर्यंत माझा फोन बंद.

दार लावायच्या आधी अविवा एकेकाकडं गेली. आधी बापाकडं, मग नागूकडं, मग माझ्याकडंसुद्धा. "वर्षभरात माझं काही चुकलं असेल तर माफ करा." मी गांगरून तिच्या डोक्यावर हात ठेवला. दाजींनी सांगितलं, देवाचे अपराध देव माफ करतो, पण माणसाचा अपराध केला असेल तर त्या माणसाकडंच जायला लागतं, आणि ते दार लागायच्या आत. अविवा शेवटी अक्कापुढं उभी राहिली. अक्का म्हणाली, "तू काय केलंस माजं?"

"काहीतरी केलंच असेल," पोर म्हणाली.

मग दाजींनी दार लावलं. वरची कडी, खालचा बोल्ट. मागचं दार. खिडक्या लावून पडदे ओढले. अक्का पांढऱ्या साडीत भिंतीला टेकून उभी होती आणि प्रत्येक कडीच्या आवाजाला तिची बोटं पदरात आवळली जात होती. ते फक्त मी बघत होते. नागू अविवाच्या मागं नाचत होती आणि दाजींचं लक्ष पुस्तकात होतं.

रात्रभर दिवे चालू. त्या दिवशी बटण दाबायचं नाही म्हणून आधीच लावून ठेवलेले. मला डोळ्यावर उजेड आला की झोप येत नाही. अक्काही जागीच होती, उशीशेजारी पाण्यानं भरलेली बादली ठेवून. कशाला, ते मी विचारलं नाही.

सकाळी दाजी पांढऱ्या कपड्यांत, खांद्यावर शाल घेऊन वाचायला बसले. कळत एक अक्षर नव्हतं, पण चाल ओळखीची वाटली, आमच्या मठात म्हणतात तशी. अक्कानं कोपऱ्यात बसून आपली लिंगपूजा केली. वयाच्या आठव्या वर्षापासून पूजेनंतर तीर्थ घेतल्याशिवाय तिचा दिवस सुरू झालेला नाही. त्या दिवशी तिनं तीर्थ वाटीत तसंच झाकून ठेवलं. मला कुणी उपास सांगितला नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन दोन वाट्या शाबूची खिचडी खाल्ली आणि चोरासारखं तोंड पुसून बाहेर आले. नागूनं दोन वाजेपर्यंत तग धरला, मग तीही शाबूला शरण आली.

तीनला लाईट गेली. पंखे थांबले. सोलापूरची ऑक्टोबरची दुपार, बंद खिडक्या, एका खोलीत पाच माणसं. कुडता पाठीला चिकटलेला, पडद्याची कड सरकवून वारा घ्यावा म्हटलं तर अविवाचं लक्ष. बाहेर लाईनीत लाऊडस्पीकर लागला. पोरांचे आवाज, गाड्यांना घातलेल्या हारांचे वाससुद्धा दाराखालून आत आल्यासारखे वाटत होते. अख्खं गाव सीमोल्लंघनाला निघालेलं आणि आम्ही पितळी बोल्टाकडं बघत बसलेलो. मला त्या पोरीचा राग आला, मेलेल्या फ्लोराचा आला, दाजींचा आला. सगळ्यात जास्त अक्काचा आला. स्वतःच्या हातानं आत जाऊन बसणाऱ्या माणसाला बाहेर काढायचं कुठून?

पाचनंतर बेल वाजायला लागली. लाईट आली होती, त्यामुळं बेल चांगलीच वाजत होती. आम्ही गप्प. शेजारची शांतम्मा बाहेर कुणाला तरी सांगत होती, "त्यांचं कायतरी हाय आज. दार लावून बसत्यात म्हनं." दुसरी म्हणाली, "मग राजेश्वरीचा दसरा?" "ती आता त्यांच्यातली." दोघी हसल्या, वाईट हेतूनं नव्हे, पण हसल्या. अक्का जमिनीवर बसली होती, दारापासून दोन हातांवर. तिनं नुसते गुडघे जवळ घेतले.

सहा वाजता रिक्षा थांबली. काठीचा आवाज पायरीवर आला. बेल नाही, थेट दारावर थाप. आणि मग तो आवाज, ज्यानं अक्कलकोटचं घर गप्प व्हायचं.

"राजेश्वरी. बाग्ला तगी." दार उघड.

पार्वतम्मा. नागू झटकन उठली, "अज्जी" म्हणायला तिनं तोंड उघडलं. अक्कानं तिच्याकडं बघितलं, फक्त बघितलं. पोरगी होती तिथं खाली बसली.

शांतम्मा बाहेर तिलाही समजावत होती की त्यांच्यात आज दार उघडत नाहीत. पार्वतम्मानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला नगं सांगू, बाई. सनाला दार कशापायी लावत्यात, मला म्हाईत हाय." शांतम्मा निघून गेली असावी, कारण पुढचं ती दाराशी अगदी जवळून बोलली.

"बन्नी आनलीया. तुज्यासाटी खन-नारळ आनलाय. नागूला बघावं म्हनलं." काठी दाराला टेकल्याचा आवाज आला. "मला कळतंय तू आत हायस. ऐकायलीस. नगं उघडूस. मी तुला सात वरसं लावून बसिवलं, तू मला एक सांज बाहीर हुबी केलीस, तर काय बिघडत न्हाय. पर माजं आता काय खरं न्हाय, राजेश्वरी. पाय सुजल्यात. चुकलं म्हनाय आली हुती. चुकलं माजं."

दाजींनी पुस्तक मिटलं. त्यांना कोठीची खोली ठाऊक होती की नाही, मला माहीत नाही, पण त्या घटकेला सगळं कळलं असावं. ते हळू आवाजात म्हणाले, "राजेश्वरी, उघड. चालतं."

अक्का हलली नाही. मला वाटलं, पांढरी साडी. या बाईसमोर, दसऱ्याच्या दिवशी, पांढऱ्या साडीत उभं राहायचं तिच्या जिवावर आलं असेल. मी माझी ओढणी काढून तिच्यापुढं धरली. तिनं ती बघितलीसुद्धा नाही.

मग अविवा उठली. ती कालच्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब न घेतलेली पोर, ओठ सुकलेले. ती दाराशी गेली, तिनं वरची कडी काढली आणि खालचा बोल्ट सरकवला. जुना बोल्ट, त्याचा आवाज झाला. ती अक्काकडं वळून म्हणाली, "उघडा तुम्ही. मी काही म्हणणार नाही. मम्मीपण म्हणाली नसती."

अक्का उठली. दाराशी आली. आता दार नुसतं ओढायचं राहिलं होतं. मी तिला वाट द्यायला मागं सरकले. अक्कानं खाली वाकून बोल्ट परत आत ढकलला. मग वरची कडी घातली. दोन्ही आवाज सावकाश, स्वच्छ.

"आज दार लावायचा सन हाय की," ती म्हणाली.

"पण मीच म्हणतेय ना," अविवा म्हणाली.

"तुज्यासाटी न्हाय लावलं गं," अक्का म्हणाली.

आधी उघडल्याचा आणि मग परत लावल्याचा आवाज बाहेर गेलाच असणार, मधे होतं काय, एक लाकडी फळी. मग काठी पायऱ्या उतरली. रिक्षावाला थांबला होता, तो म्हणाला, "आज्जी, कुटं?" ती म्हणाली, "ष्टँडवर घे." नागू भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. अविवानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

मला काय वाटलं, ते लपवत नाही. पहिल्यांदा वाटलं, शाब्बास. सात वर्षं मी हेच मागत होते, की हिनं कुणाच्या तरी तोंडावर दार लावावं. शाब्बासकी माझ्या ओठांपर्यंत आली आणि तिथंच थांबली, कारण अक्का अजून दाराशीच उभी होती आणि तिनं कडीवरचा हात काढला नव्हता.

पावणेसातला दाजींनी पडद्याच्या फटीतून बघून सांगितलं, तीन तारे दिसले. त्यांनी शेवटची प्रार्थना म्हटली. अविवानं काळ्या मनुकांचं सरबत पेल्यांत ओतलं, आईच्या पद्धतीनं केलेल्या करंज्या ताटात मांडल्या. दार उघडायला दाजी गेले तर अक्का बाजूला झाली. लाईनीत दिवे, लाऊडस्पीकर, हातात बन्नी घेतलेली माणसं. शांतम्मा लांबूनच म्हणाली, "झाला का गं तुमचा सन? ये की, सोनं दे." तिनं हात पुढं केला.

अक्का उंबऱ्यावर बसून राहिली. कपाळावर कुंकू होतं, अंगावर फ्लोराची साडी. मी तिच्या शेजारी टेकले आणि सरबताचा पेला तिच्या हातात दिला. पेला तिच्या हातात इतका हलला की सरबत पांढऱ्या साडीवर सांडलं. मी तो परत घेतला.

"चंद्री," ती म्हणाली, "मी एक डाव दार लावलं, आनि बघ हात कसा कापतोय. नागूची अज्जी सात वरसं दसऱ्याच्या रात्री झोपायची कशी गं?"

मी पेला तिच्या ओठांना लावला.